सतरावी आकृती

मुलाखतीला नऊ दिवस उरले असताना शामला काळबांडेने सतरावी आकृती पुन्हा मोजली, आणि वेढे चार निघाले. तीन निघायला हवे होते. तीनच छापून आले होते, तेही अमेरिकेतल्या मासिकात, तिच्या नि पोतनीस सरांच्या नावाने. तिने पेन्सिल ठेवली, उठून खोलीची खिडकी लावून घेतली आणि परत मोजायला बसली. नागपुरात एप्रिलमध्ये सकाळी सहाला जेमतेम तासभर बरा वारा मिळतो. त्या तासाला खिडकी लावून घेणारा माणूस एक तर आजारी असतो, नाही तर घाबरलेला. शामला आजारी नव्हती.

आता हे वेढे म्हणजे काय, ते सांगायला हवं. गार केलेल्या पदार्थात इलेक्ट्रॉन एकमेकांशी कसे वागतात हे मांडायला ही मंडळी रेघांच्या आकृत्या काढतात. बाणांच्या रेघा असतात, त्या एकमेकींना छेदत जातात, आणि काही फिरून जिथून निघाल्या तिथेच येऊन मिळतात. अशी मिळालेली रेघ म्हणजे वेढा. नियम असा की एका वेढ्याला एक उणे. वेढे तीन असले तर उत्तर उणे, चार असले तर अधिक. ठिपक्यांच्या रांगोळीत रेघ कुठून निघाली नि कुठे मिळाली हे बोट फिरवून पाहावं, तसं ते मोजायचं असतं. ऐकायला पोरखेळ वाटतो, आणि आकृती सोपी असली तर असतोही.

एकूण आकृत्या तेवीस. बावीस निर्धास्त होत्या. गुंतवळ होती ती सतरावीत. ती उणे धरली, तर त्या पदार्थातले अणूंचे इवलेसे चुंबक थंडीत एका नव्याच रचनेत बसत होते, आणि अशी रचना आजवर कुणी सांगितली नव्हती. अधिक धरली, तर सतरावी आणि नववी एकमेकींना खाऊन टाकत होत्या नि हाती भोपळा येत होता. मासिकाने निबंध छापला तो त्या नव्या रचनेसाठी. भोपळ्यासाठी कुणी छापत नाही.

शामलाने पुन्हा मोजलं. मग लाल-निळ्या पेन्सिलीने एकेक वेढा वेगळा रंगवला. चार. आकृती उलटी करून नव्याने काढली. चारच. घरमालकीण यमुताईंनी चहाला हाक मारली तेव्हा ती आकृती पुन्हा नव्याने काढायला घेत होती.

हे सगळं १९७३ सालचं. दक्षिणेतल्या एका मोठ्या संशोधनसंस्थेने त्या वर्षी सैद्धांतिक पदार्थविज्ञानात पीएच.डी.साठी जागा काढल्या होत्या, आणि मध्य भारताच्या वाट्याला आली होती एक. वयाची अट पंचवीस. शामलाला जुलैत पंचवीस पुरी होणार होती, म्हणजे पुढच्या वर्षीचा प्रश्नच नव्हता. नागपुरात राहून डॉक्टरेट करायची तर प्रयोगशाळेतल्या भट्टीत स्फटिक भाजत बसावं लागलं असतं, कारण कागदावरच्या पदार्थविज्ञानाला इथे मान्यता असलेला मार्गदर्शकच नव्हता. पोतनीस सर होते, पण ते स्वतःच डॉक्टर नव्हते. ते नुसते लेक्चरर होते, बावन्न वर्षांचे, आणि त्यांना अख्ख्या नागपुरात या विषयातलं जेवढं येत होतं तेवढं दुसऱ्या कुणालाही येत नव्हतं.

गिरिधर पोतनीस डॉक्टर का झाले नाहीत, ते पदार्थविज्ञान विभागात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यांच्यासमोर कुणी ब्र काढत नव्हतं. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनाही अशीच जागा मिळाली होती. आठ महिन्यांत ते परत आले. भर व्याख्यानात कुणी तरी उठून त्यांच्या गणितातली चूक दाखवली, सरांना फळ्यापाशी घेरी आली, आणि त्याच आठवड्यात त्यांनी नागपूरची गाडी धरली. तेव्हापासून त्यांनी दोन वह्यांचा कायदा केला होता. कुठलंही मोठं गणित दोघांनी करायचं. सर आपल्या खोलीत आणि शामला ग्रंथालयाच्या कोपऱ्यात. एकमेकांची वही पाहायची नाही, एकमेकांना विचारायचं नाही. दोघांचं संपलं की वह्या टेबलावर ठेवायच्या आणि शेवटचं पान बरोबरच उलटायचं. जुळलं तर सर त्यावर सही करत. निबंधातही त्यांनी मोठ्या हौसेने एक वाक्य घातलं होतं, की हे गणित दोघा लेखकांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे करून पडताळलं आहे.

आणि नेमकं ते वाक्य खोटं होतं. ते शामलाला माहीत होतं, सरांना नव्हतं, निदान तिची अशी समजूत होती. सतराव्या आकृतीशी तिने जवळजवळ महिना काढला होता. कधी तीन यायचे, कधी चार. शेवटी कंटाळून, पुढचं तर सरकू दे म्हणून, तिने पेन्सिलीने बारीकसं उणे लिहून ठेवलं होतं. मग दिवाळीच्या सुट्टीत ती खडू आणायला सरांच्या खोलीत गेली. टेबलावर त्यांची वही उघडी होती आणि सतराव्या आकृतीपुढे शाईने ठसठशीत उणे होतं. तिने फार तर श्वासभर पाहिलं असेल. परत येऊन तिने पेन्सिलीचं उणे शाईचं केलं, आणि त्या रात्री तिला कित्येक दिवसांनी गाढ झोप लागली.

आता त्या झोपेचं भाडं भरायची वेळ आली होती. मुलाखतीच्या पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की उमेदवाराने आपलं प्रसिद्ध काम फळ्यावर मांडून दाखवावं.

पहिले दोन दिवस तिने कुणाला काही सांगितलं नाही. तेवीस आकृत्यांतली सतरावी कोण मोजत बसणार, असं ती स्वतःला सांगत होती, आणि ते सांगताना तिचे तळहात घामाने ओले होत होते. यमुताईंना वाटलं उन्हाची बाधा झाली. त्यांनी कांदा किसून तळपायांना चोळला.

तिसऱ्या दिवशी काटोलहून बाबा आले. मारोतराव काळबांडे फळबाजारात संत्र्यांचे अडते होते. पोरगी नेमकं काय शिकते ते त्यांना कळत नसे, पण बाजारातल्या एकूण एक माणसाला त्यांनी ते सांगून ठेवलं होतं. एसटीतून उतरून ते मृगाच्या बहराची शेवटची संत्री यमुताईंकडे घेऊन आले आणि लेकीचा चेहरा पाहून दारातच थांबले.

"काहून वं, तोंड उतरलं तुहं?"

"मले भेव लागते बाबा," ती म्हणाली. एवढंच काय ते ती कुणाजवळ तरी बोलली.

"कायचं भेव? तू अन् तुह्या सरानं, दोघानं मोजलं ना ते? आमच्या बाजारातबी ढीग दोघं जनं मोजतेत. एकाचं चुकलं तं दुसरा धरते. दोघं कसे चुकतीन?"

बिचाऱ्याने धीर द्यायला सांगितलं. शामलाला मात्र कुणी तरी मानगूट धरल्यासारखं झालं. ते दुपारच्या गाडीने गेले, आणि जाताना यमुताईंना बजावून गेले की पोरीला झोपू द्या, ती फार अभ्यास करून राहिली.

चौथ्या दिवशी पोस्टकार्ड आलं. ते निवड समितीतल्याच प्रा. शेषगिरी यांचं होतं. मोजून तीन ओळी होत्या. आपला निबंध वाचला, सतराव्या आकृतीविषयी कुतूहल आहे, नागपुरात भेटू तेव्हा त्यावर बोलू. पोतनीस सरांनी ते कार्ड विभागातल्या सूचनाफलकावर टाचणीने लावलं. शिपायापासून प्रमुखांपर्यंत सगळ्यांना बोलावून दाखवलं. त्या दिवशी सर इतके खुशीत होते, की शामलाने त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. ती त्यांच्या मागे उभी राहून हसत होती. न सांगावं तर शेषगिरी फळ्यावर पकडणार. सांगावं, तर या माणसाला पंचवीस वर्षांपूर्वीची घेरी पुन्हा येणार, आणि या वेळी ती आणणार आपण. दोन्हीकडून तिचाच जीव टांगणीला होता.

पाचव्या दिवशी दुपारी तिने सांगितलं. विभाग ओस पडला होता. सरांच्या खोलीत वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारलेलं होतं.

"सर, सतराव्या आकृतीत वेढे चार आहेत."

सर हसले. म्हणाले, मुलाखतीच्या आधी सगळ्यांना असंच होतं. तुझे नि माझे तीन जुळलेत.

"माझे तीन नव्हतेच. दिवाळीत तुमची वही उघडी होती. मी पाहिली. तुमचं उणे पाहून माझं उणे केलं."

ती रागावण्याची वाट पाहत होती. तिला वाटलं, आता हे उठतील, दार दाखवतील. सरांनी फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पण तुझ्या वहीत उणे आधीपासून होतं," ते हळूच म्हणाले. "पेन्सिलीचं."

शामलाला समजायला थोडा वेळ लागला. ते पेन्सिलीचं होतं हे यांना कसं कळलं? आणि मग कळलं.

"गणपतीत तू काटोलला गेली होतीस," सर सांगू लागले. त्यांचा आवाज वर्गात असतो तसा सरळ होता, म्हणून जास्तच भीती वाटत होती. "तुझी वही कपाटात होती. मलाही ते जमत नव्हतं गं. तीन, चार, तीन, चार. म्हटलं, हिचे डोळे तरुण आहेत, ही चुकायची नाही. तुझं उणे पाहिलं आणि मी शाईने लिहून टाकलं."

म्हणजे तिने लिहिलं अंदाजाने. त्यांनी तिच्यावर भरवसा ठेवून शाई फिरवली आणि तिने त्यांच्यावर भरवसा ठेवून. दोन वह्या होत्या, दोन सह्या होत्या, आणि सतरावी आकृती जगात कुणीच मोजली नव्हती. बाबांच्या बाजारात दोन्ही मोजणारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत उभे होते.

दोघांनी मिळून पहिल्यांदाच एका टेबलाशी बसून ती मोजली. सरांचं बोट रेघेवरून सरकत होतं. एक. दोन. तीन. तिथे ते थांबले. बोट उचलावं का, असं त्यांच्या मनात आलं असावं, कारण त्यांनी उगाचच एकदा तिच्याकडे पाहून घेतलं. मग त्यांनी उरलेली रेघ पुरी केली. चार.

शामलाला वाटलं, आता सर म्हणतील, मासिकाला लिहू. सरांनी दार लोटून घेतलं.

"मुलाखत होऊन जाऊ दे," ते म्हणाले. "फळ्यावर पहिल्या सोळाच सावकाश मांड. वेळ संपेल. एकदा जागा मिळाली की मग पाहू काय ते. आत्ता कुणाला बोलू नकोस शामला. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय."

ते तिच्या भल्यासाठी सांगत होते, नव्हते असं नाही. पण त्यांच्या कपाळावर घाम होता, आणि गेले पाच दिवस आरशात तिला जो चेहरा दिसत होता तोच आता समोर, तीसेक वर्षांनी म्हातारा होऊन बसला होता. हे पाहून ती जेवढी घाबरली तेवढी चार वेढे पाहूनही घाबरली नव्हती.

मुलाखत सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी विश्रामगृहात होती. सर तिच्याबरोबर आले. आपण बाहेर बाकावर बसतो, तू घाबरू नकोस, असं त्यांनी तिला चार वेळा सांगितलं. काय करायचं ते तिने ठरवलं नव्हतं. आत जाईपर्यंत ती पहिल्या सोळा आकृत्या मनात घोळवत होती, हे कबूल करायलाच हवं.

आत पाच जण होते. शेषगिरी म्हणजे एक हडकुळे, शांत गृहस्थ निघाले. ते म्हणाले, सोळा आम्ही वाचल्यात, सतरावीपासूनच सुरुवात करा.

तिने खडू उचलला. सोळा आकृत्यांचा आडोसा पहिल्या वाक्यालाच गेला होता. तिने आकृती काढली, एकेक वेढा बोटाने दाखवत मोजला आणि म्हणाली, "चार."

अध्यक्षांनी निबंध पाहिला. त्यात तर तीन होते. ती म्हणाली की निबंध चुकला आहे. मग त्यांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं, दोघा लेखकांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे, आणि विचारलं की मग याचा अर्थ काय समजायचा.

"ते खरं नाही," शामला म्हणाली. "मी सरांची वही पाहिली होती."

"आणि त्यांनी तुमची?"

या प्रश्नाची तिने तयारी केली नव्हती. हो म्हणावं तर बाहेर बसलेल्या माणसाची उरलीसुरली अब्रू जाणार. नाही म्हणावं तर नऊ दिवसांनी चारचौघांत हा एक खरा शब्द तोंडातून निघाला होता, त्याच्या पाठोपाठ खोटा काढायचा. पाच माणसं वाट पाहत होती.

"सर बाहेरच बसलेत," ती म्हणाली. "त्यांनाच विचारावं."

अध्यक्षांनी शिपायाला पाठवलं. तो गेला, दार उघडं राहिलं, उन्हाची एक झळ आत आली. तो परत आला.

"बाहेर तं कोनीच नाही जी."

शामलाला उघड्या दारातून बाकाचं एक टोक दिसत होतं. शेषगिरींनी शिपायाला दार लावायला सांगितलं आणि तो विषय पुन्हा काढला नाही. त्यांनी विचारलं की सतरावी अधिक धरली तर काय उरतं. काही नाही, ती म्हणाली, नववी आणि सतरावी एकमेकींना खोडतात. हा योगायोग का, त्यांनी विचारलं. योगायोग नाही, ती म्हणाली. त्या भीतीच्या नऊ दिवसांत तिने चूक इतक्या बाजूंनी तपासली होती, की पदार्थाच्या रचनेतली सममितीच त्या दोघींना खोडायला लावते हे तिला कळून चुकलं होतं, आणि ते तिने अर्धा तास फळ्यावर सिद्ध करून दाखवलं. खडू दोनदा हातातून पडला. कुणी हसलं नाही.

मुलाखतीनंतर अकराव्या दिवशी पत्र आलं. जागा तिला मिळाली होती, पण एका अटीवर. मासिकाला दुरुस्तीपत्र जावं, त्यात चूक कबूल करावी, स्वतंत्र पडताळणीचं वाक्य मागे घ्यावं, आणि खाली दोघाही लेखकांची सही असावी. त्याची प्रत पंधरा जूनपर्यंत पोचली नाही तर जागा दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला देण्यात येईल.

मुलाखतीच्या दिवसापासून सर विभागात आले नव्हते. सुट्टीच होती म्हणा. शामला दुरुस्तीपत्र टाइप करून घेऊन त्यांच्या धंतोलीतल्या घरी गेली. दार त्यांनीच उघडलं. दाढी वाढली होती. बस म्हणाले, निवड झाल्याचं ऐकून अभिनंदन केलं, मग पत्र हातात घेऊन वाचलं. पुन्हा वाचलं. ते वाक्य मागे घेण्याच्या ओळीवर त्यांची नजर थांबली होती. तिने पेन पुढे केलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"त्या दिवशी मी पाणी प्यायला गेलो होतो," सर म्हणाले. "तेवढ्यात त्यांनी बोलावलं वाटतं."

बाकाला लागूनच माठ होता. त्यावर झाकण होतं नि झाकणावर पेला. आत जाण्यापूर्वी ती स्वतः त्यातलं पाणी प्याली होती, आणि पेला सरांनीच भरून दिला होता. सर तिच्याकडे पाहत होते. विचारत काहीच नव्हते, फक्त वाट पाहत होते, आणि पेन अजून तिच्याच हातात होतं. तिला कळलं की सही आता तिच्या उत्तरावर आहे. जे तिने पाच अनोळखी माणसांसमोर केलं नव्हतं ते इथे या एका माणसासमोर करायचं होतं. दया आली म्हणून, की जागा जाईल या भीतीने, हे तिला तेव्हा सांगता आलं नसतं, आणि नंतरही कधी नीटसं सांगता आलं नाही.

"हो सर," शामला म्हणाली. "ऊन फार होतं त्या दिवशी."

सरांनी मान हलवली. मग त्यांनी तिच्या हातून पेन घेतलं आणि तिच्या सहीच्या वरच्या जागेत, नेहमीच्या वळणदार अक्षरात, सही केली.